पक्कडवाल्याकडे जाताना

“रूट कॅनॉल म्हणजे दातातनं मेंदूपर्यंत भोक,” कलाआत्या म्हणाली आणि तिनं आण्णांच्या सुजलेल्या गालावर गरम मिठाची पुरचुंडी दाबली. “त्या कदमीणबाईनं सांगलीला जाऊन केलं. तवापास्नं तिला नातवंडांची नावं आठवत न्हाईत.”

“तिला नातवंडं अकरा आहेत, आत्या,” मी म्हणाले. “दोन जुळी. ती नावं मलाही आठवत नाहीत.”

“तू गप गं. तुला काय कळतंय?”

हे वाक्य मला आमच्या घरात दिवसातून सरासरी नऊ वेळा ऐकायला मिळायचं. तेव्हा मी सातवीत होते. आता दहावीत आहे, म्हणजे तीन वर्षांनी जास्त हुशार झालेय, आणि सरासरी सहावर आली आहे. प्रगती आहे.

तर आण्णांचा वरचा पुढचा दात. माझे वडील, सुदाम अवघडे, नवजीवन ब्रास बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. क्लॅरोनेटचं तोंड, म्हणजे माउथपीस, वरच्या पुढच्या दातांवर टेकवायचं असतं आणि खालून ओठ लावायचा असतो. माणसाला बत्तीस दात असतात. किडायला मागचे अठ्ठावीस मोकळे असताना आण्णांचा नेमका पुढचाच किडला. मेडिकलवाल्यानं गोळी देता देता तोंडात बघितलं आणि म्हणाला, “हे रूट कॅनॉलचं काम आहे. मुजावर मॅडमकडं जावा.” झालं! त्या दिवसापासून आमच्या गल्लीत दंतवैद्यकाचं खुलं अधिवेशन भरलं.

मी भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर सगळ्यांची मतं टिपून घेतली. ‘रूट कॅनॉल दुखतं का?’ असा मथळा, त्याखाली दोन रकाने. ‘दुखतं’च्या रकान्यात चौदा नावं झाली. त्या चौदांपैकी रूट कॅनॉल केलेले किती, असं विचारलं तर एकच हात वर आला. तो बँडमध्ये ढोल वाजवणाऱ्या दिनकरतात्यांचा.

“चौघांनी धरलं हुतं मला,” तात्या म्हणाले. “मशीन असं घुमत हुतं. धूर निघाला, धूर!”

“कुठला दात, तात्या? दाखवा की.”

तात्यांनी मोठ्या रुबाबात तोंड उघडलं. त्या बाजूला एकही दात नव्हता.

“पडला पुढं,” ते म्हणाले.

‘दुखत नाही’च्या रकान्यात एकटं नाव होतं. आमच्या इंग्रजीच्या जोगदंड मॅडमचं. त्यांनी मधल्या सुट्टीत मला गाल बाजूला ओढून खरोखरचा, जागेवर असलेला दात दाखवला. “अगं, काही दुखत नाही. इंजेक्शन देतात. ओठ, गाल, सगळं बधिर होतं. चिमटा काढला तरी कळत नाही.”

असा पुरावा हाती लागल्यावर मी काय गप्प बसते? रोज संध्याकाळी जेवायला बसलं की माझं प्रवचन सुरू. “आण्णा, ओठ पूर्ण बधिर होतो. पूर्ण! आहे की नाही तेच कळत नाही. तोंडातनं पाणी गळलं तरी पत्ता लागत नाही, मॅडम म्हणाल्या.” आण्णा हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवायचे आणि उठायचे. मला वाटायचं, दात दुखतोय. मग दुसऱ्या दिवशी मी आणखी जोर लावून सांगायचे. मी फार समजूतदार मुलगी होते.

आठ दिवसांत गाल टमटमीत सुजला. लवंग झाली, हळद झाली, पेरूचा पाला उकळून झाला. आत्याच्या मशेरीचा मान ठेवून झाला. आण्णा तालमीला जायचे आणि नुसते बसून परत यायचे. पुढच्या बुधवारी पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. वरातीत पुढं क्लॅरोनेट नसेल तर मागं उरतो तो नुसता गोंगाट. बँडमालक दोनदा दारात येऊन गेले. दोन्ही वेळा म्हणाले, “काळजी घ्या, सुदाम.” काळजी कुणाची, ते बोलले नाहीत.

लग्नाला आठवडा उरला होता, त्या बुधवारी संध्याकाळी आण्णांनी निकाल जाहीर केला. “उद्या बाजारात जातो. पक्कडवाल्याकडनं काढून टाकतो.”

पक्कडवाला म्हणजे आमच्या गुरुवारच्या आठवडी बाजाराचं वैभव. एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून बसायचा. समोर लाल फडकं, फडक्यावर लोकांच्या दातांचा ढीग. ही त्याची जाहिरात. सुई नाही, औषध नाही, पावती नाही. गिऱ्हाईकाला उकिडवं बसवायचं, “वर बघा, विमान,” म्हणायचं आणि झटका.

भाकरी थापता थापता आईचा हात थांबला. “आणि दात गेल्यावर वाजवणार कशानं?”

“खोटा बसवू.”

“खोट्या दातावर ठरत न्हाई म्हणून तुमीच सांगता की सगळ्यांना.”

पुढचा दात गेलेला माणूस बँडमध्ये चालतच नाही, असं नाही. त्याला झांजा देतात.

मी रात्रभर त्या गणितावर डोकं फोडलं. दुखेल म्हणून जो माणूस मऊ खुर्चीतल्या डॉक्टरकडे जात नाही, तो रस्त्यावर उकिडवं बसून विनाऔषध दात उपटून घ्यायला राजी आहे. भीती दुखण्याची असेल तर हे गणित सुटत नाही. पण सातवीतली मी असली गणितं पटकन सोडवायची: मोठ्या माणसांना अक्कल नसते. उत्तर तयार. खाली दोन रेघा.

गुरुवारी सकाळी आण्णांनी गालावरून डोक्याला रुमाल बांधला, चप्पल घातली आणि त्याच क्षणी मी गालाला हात लावून बोंब ठोकली.

“आई गं! दाढ! माझी दाढ!”

मी शाळेच्या नाटकात सलग दोन वर्षं झाड झाले होते. माझ्यातल्या कलेवर तिथं फार अन्याय झाला, हे त्या सकाळी सिद्ध झालं. मी अंगणात लोळले. आई पळत आली. आत्यानं लगेच व्यवहार सुचवला. “हिलाबी घेऊन जा की बाजारात. दोघांचं एकदमच हुईल.”

“हॅट!” आण्णा म्हणाले. “पोरीला पक्कड लावू? चल तेजे. मुजावर मॅडमकडं दाखवू आधी. माझं मागनं बघतो.”

स्वतःच्या दातासाठी आठ दिवस ज्या दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही, तिथं माझ्यासाठी ते दहा मिनिटांत पोचले. वाटेत दोनदा विचारलं, “लई दुखतंय का?” मी दोनदा मान हलवली. थोडं पाप वाटलं. थोडंच.

मुजावर मॅडम आमच्याच गावच्या. बारीक अंगाच्या, आवाज मात्र लाउडस्पीकरला मागं सारेल असा. माझा बेत साधा होता. मी खुर्चीत बसणार, त्या ‘काही नाही’ म्हणणार, मग मी आण्णांकडे बोट दाखवणार. बेत पहिल्या मिनिटातच बोंबलला.

“आ कर. अजून. हं… खालची डावी दाढ किडलीय की गं. चांगली खोल.”

“छे! मला कुठं काय दुखतंय?” माझ्या तोंडून निघून गेलं.

भिंतीशी उभ्या असलेल्या आण्णांनी हळूच विचारलं, “मग मघाशी अंगणात कोण लोळत हुतं?”

मी छताकडे बघितलं. छत पांढरं होतं.

“दुखत नाही तोवर आलीस, नशीब तुझं,” मॅडम म्हणाल्या. “महिन्यानं खरंच लोळली असतीस. आजच भरून टाकू. अर्ध्या तासाचं काम. छोटं इंजेक्शन देते, काही कळणार नाही.”

“सुई न्हाई.”

आवाज आण्णांचा होता, पण मी तो आधी कधी ऐकला नव्हता. ते भिंतीपासून सुटून खुर्चीजवळ आले होते आणि त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

“मामा, खोल आहे कीड. सुईशिवाय पोरीला सोसायचं नाही.”

“मग नको भरायला. चल गं, ऊठ.”

“थांबा, थांबा. आणि तुमच्या गालाचं काय? तो रुमाल हौसेनं बांधलाय का?”

“माझं काय न्हाई. मी बाजारात चाललोय.”

“बाजारात?” मॅडमच्या लगेच लक्षात आलं. “त्या भिंतीजवळच्याकडं? मामा, तो कालपर्यंत सायकलीची पंक्चर काढत होता. तोंडाला तरी रबर सोल्युशन लावू देऊ नका.”

मला हसू आलं. आण्णांना आलं नाही.

“तो सुई देत न्हाई,” ते म्हणाले.

खोलीत कसलंतरी यंत्र गुरगुरत होतं. मॅडमनी ते बंद केलं.

“सुईनं काय होतं, मामा?”

आण्णांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. “माझ्या बापाला दिली हुती. सांगलीला, दाढ काढताना. ओठ बधिर झाला. म्हातारा म्हणाला, गंमत वाटतीय. पुढं तोंडच वाकडं झालं. ह्या बाजूचा ओठ लोंबला तो लोंबलाच. माझ्यापेक्षा दसपट वाजवायचा तो. त्याच्यानंतर सा वर्षं जगला, फुंकलं न्हाई. पाणी प्यायचं म्हटलं तर खाली वाटी धरायला लागायची. मीच धरायचो.”

आज्जाचा आमच्या घरात एकच फोटो आहे. तो बाजूनं काढलेला आहे. मला वाटायचं, स्टाईल असेल.

“किती दिवसांनी वाकडं झालं?” मॅडमनी विचारलं.

“दाढ दिवाळीत काढली. तोंड शिमग्याला गेलं.”

“दिवाळी ते शिमगा. चार महिने.” मॅडमनी बोटं मोजली. “सुई काय सांगलीहून चालत आली होती का, मामा?” मग त्यांचा आवाज खाली आला. तो तेवढा खाली येऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. “तो लकवा होता. त्याचा आणि दाढेच्या सुईचा संबंध नाही. ह्या सुईचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो. ओठ होता तसा परत येतो.”

“तुमी म्हणताय ते खरं असंल,” आण्णा म्हणाले. “पण दात गेला तर खोटा बसतो, मॅडम. ओठ गेला तर खोटा कुठं मिळतोय?”

मला माझी सगळी प्रवचनं आठवली. ‘ओठ पूर्ण बधिर, आण्णा. पूर्ण!’ आठ दिवस, रोज, जेवणाच्या वेळी, मी माझ्या बापाला खुशीत हेच ऐकवत होते. वर जोगदंड मॅडमची साक्ष. गल्लीतल्या चौदा येड्यांनी मिळून त्यांना जेवढं घाबरवलं नसेल, तेवढं मी एकटीनं घाबरवलं होतं. सगळ्यात समजूतदार असल्यामुळे.

“मला द्या,” मी म्हणाले.

“तेजे!”

“मला कुठं क्लॅरोनेट वाजवायचंय? माझ्या ओठावर कुणाचं पोट नाही, आण्णा. नुसता बोलायला लागतो. आणि माझं बोलणं बंद झालं तर आत्या गल्लीत पेढे वाटेल.”

हे मी फार ऐटीत म्हणाले. टेबलावर ती सुई ठेवलेली होती आणि मी डोळे गच्च मिटून बोलत होते, ही गोष्ट वेगळी.

“नाही परत आला तर?” आण्णांनी मॅडमना विचारलं.

“तर माझ्या पाटीवरचं नाव पुसा आणि त्या पक्कडवाल्याला इथं बसवा.”

आण्णांनी माझं मनगट सोडलं नाही. पण मान हलवली.

“मुंगी चावल्यासारखं होईल,” मॅडम म्हणाल्या. ती मुंगी चांगली खात्यापित्या घरची होती. मी आण्णांच्या हातात नखं रुतवली. मग जिभेखालून थंडगार काहीतरी पसरत गेलं आणि अर्धी हनुवटी चक्क निघून गेली. दाढ कोरतानाचा आवाज ऐकू आला, दुखलं काही नाही. अर्ध्या तासानं मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले होते. माझा खालचा ओठ डावीकडे ओघळलेला, आणि समोर उकिडवे बसून आण्णा त्याच्याकडे बघत होते. बाजारात जायचं नाव त्यांनी काढलं नाही.

“कसं वाटतंय?”

“ह्हस्त,” मी म्हणाले. मला ‘मस्त’ म्हणायचं होतं.

आण्णांचा चेहरा पांढरा पडला.

त्यांनी खिशातनं रुमालात गुंडाळलेलं माउथपीस काढलं. बँडवाल्याच्या खिशात ते असतंच. तालमीच्या आधी त्याच्यावरची वेताची पत्ती जिभेनं ओली करून ठेवायची असते. ही पत्ती एकाच्या तोंडाला लागली की दुसऱ्यानं तोंडात घ्यायची नाही, असा बँडचा नेम. दिनकरतात्यांनी एकदा गंमत म्हणून आण्णांची फुंकली, तर आण्णांनी ती मोडून चुलीत टाकली होती. तेच माउथपीस त्यांनी माझ्यापुढं धरलं.

“फुंक.”

“ह्ही?”

“बोलू नको. वरचे दात ह्याच्यावर टेकव. खालचा ओठ दातावर घे. फुंक.”

मी फुंकलं. डाव्या कोपऱ्यातनं वारा निघून गेला, मागोमाग लाळ. आण्णांनी रुमालानं माझी हनुवटी पुसली. हात सराईत होता. हे काम त्यांनी पूर्वी केलेलं होतं.

“साडेअकरा,” ते म्हणाले.

पावणेबाराला फुंकलं. वारा. बाराला फुंकलं. वारा, लाळ आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं हसू. सव्वाबाराला आण्णा उठून दवाखान्याच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. मला आतून जराशी भीती वाटायला लागली होती. मॅडमची पाटी पुसून मला काय मिळणार होतं? साडेबाराला हनुवटीत मुंग्या आल्या. ते मी सांगितलं तर आण्णा म्हणाले, “मुंग्या बापालाबी यायच्या.” वा! काय धीर दिला.

एकला पाच कमी असताना मी फुंकलं आणि “कींऽऽऽ!” असा आवाज झाला. शेपटीवर पाय पडलेल्या बदकासारखा. झेरॉक्सवाल्याच्या हातातले कागद सांडले. मला तर वाटलं, माझ्यातच काहीतरी फाटलं.

आण्णा म्हणाले, “परत.”

“कींऽऽऽऽ!”

“हस बघू.”

मी हसले. त्यांनी दोन्ही बाजू नीट तपासल्या. डावी, उजवी, परत डावी. बोटानं ओठ दाबून बघितला. मग उभे राहिले, डोक्याचा रुमाल सोडला आणि आत गेले. मॅडम जेवणाचा डबा उघडत होत्या.

“मॅडम,” आण्णा म्हणाले, “घ्या मला.”

मॅडमनी डबा मिटला.

मी बाहेरच थांबले. मशीन सुरू झालं, थांबलं, परत सुरू झालं. कुणी ओरडलं नाही. चौघांनी कुणाला धरलं नाही. धूरही निघाला नाही. पाऊण तासानं आण्णा बाहेर आले. वरचा ओठ टोपीच्या चोचीसारखा पुढं आलेला. माझ्या शेजारी पायरीवर बसले.

“दुखलं?”

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. “सुई टोचली तेवढं. हाकी न्हाई.” मग दोन्ही हातांनी खुर्ची आवळल्यासारखं करून दाखवलं. “हाताची होटं दुखतायत.” प, फ, ब, म ओठाबरोबर बधिर झाले होते.

त्यानंतर आणखी दोन खेपा झाल्या. पाटलांच्या वरातीत आण्णा सगळ्यात पुढं होते आणि दात अजून जागेवर आहे. गल्लीचं अधिवेशन तरीही बरखास्त झालं नाही. आत्या म्हणाली, मिठाच्या शेकानंच फरक पडला.

पण त्या दुपारी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. आण्णा ओठाला सारखा हात लावत होते, लावला की दचकत होते. दर मिनिटाला माझ्या हातातलं घड्याळ वळवून बघत होते. मी माउथपीस पुसून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी घेतलं नाही.

“उष्टी झाली ती हत्ती. तुझी आता.”

“मग मी काय करू हिचं?”

“वाजव. ह्हाझा ओठ येस्तोवर.”

आमच्या घरात मुलींनी क्लॅरोनेट वाजवायचं नाही, असा नियम कधीच नव्हता. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यामुळे नियम करायचीही वेळ आली नव्हती.

मी फुंकलं. बदक.

“गाल हुगवू नको.”

बदक.

“खांदे खाली. होटातनं वारा घे, गळ्यातनं नको. आन गाल हुगवू नको ह्हनलं ना!”

मी परत फुंकलं, त्यांनी परत झापलं. ते आता घड्याळ बघत नव्हते. माझ्या हनुवटीला बोट लावून ती खाली ओढत होते, माउथपीसचा कोन बदलत होते, मांडीवर ताल धरत होते. झेरॉक्सवाल्यानं दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं. तरी आमचं चालूच. कधीतरी साडेतीनच्या सुमाराला बदक मेलं आणि त्याच्या जागी एक लांब, सरळ, थोडा थरथरता सूर निघाला.

“हां! धर. धरून ठेव. पोटातनं. गाल फुगवू नको, तेजे, फुगवू नको, पोटातनं फुंक!”

मला ऐकू आलं. त्यांना आलं नाही. शिकवण्याच्या नादात त्यांना स्वतःचा ओठ परत आल्याचा पत्ताही नव्हता.

मी सांगितलं नाही. मी मुद्दाम गाल फुगवला.